धूर नाही, तरी गाडी नापास! इंजिन स्वॅपचं कॅलिफोर्नियात काय होतं?

रील्समध्ये इंजिन स्वॅप दोन मिनिटांत होतो. जुनी होंडा सिव्हिक, जपानहून मागवलेलं इंजिन, चेनवर उचललं, बसवलं, स्टार्ट! आवाज ऐकून खाली आगीच्या इमोजींचा पाऊस. पण गाडी कॅलिफोर्नियातली असेल तर खरी परीक्षा त्यानंतर असते. तिथे १९७६ पासूनच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांना, पहिली काही वर्षं सोडली तर, दर दोन वर्षांनी ‘स्मॉग चेक’ द्यावी लागते. ती पास झाली नाही तर रजिस्ट्रेशन रिन्यू होत नाही. म्हणजे हजारो डॉलर घातलेली गाडी घरासमोर उभी.

गंमत अशी की असा स्वॅप बऱ्याचदा धुरामुळे नापास होतच नाही. तो नापास होतो ओळखपत्रामुळे.

जपानी इंजिनच का?

जपानमध्ये ‘शाकेन’ नावाची सक्तीची तपासणी असते. नवीन खासगी कारला पहिल्यांदा तीन वर्षांनी, मग दर दोन वर्षांनी. हा खर्च नको म्हणून अनेक लोक चांगल्या गाड्याही लवकर काढून टाकतात. त्यांतली कमी चाललेली इंजिनं परदेशात जातात. स्वस्त, दमदार आणि शौकिनांमध्ये ‘जेडीएम’ म्हणून भाव खाणारी.

मग अडतं कुठे?

अमेरिकेत नुसत्या इंजिनाला मान्यता मिळत नाही. इंजिन, त्याचा कॉम्प्युटर म्हणजे ईसीयू, ऑक्सिजन सेन्सर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, पेट्रोलची वाफ अडवणारी यंत्रणा, या सगळ्या संचाला मिळून मान्यता असते. त्यामुळे राज्याच्या ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअरचे स्वॅपचे नियम थोडक्यात असे:

• इंजिन गाडीच्या मॉडेल वर्षाचं किंवा त्यानंतरचं हवं.
• ते त्याच प्रकारच्या वाहनातलं हवं. ट्रकचं इंजिन कारमध्ये चालत नाही.
• गाडी कॅलिफोर्निया-प्रमाणित असेल तर इंजिनही तसंच हवं.
• त्या इंजिनासोबत कंपनीतून आलेले प्रदूषण-नियंत्रणाचे सगळे भाग जागेवर आणि चालू हवेत.

उदाहरण घ्या. १९९८ च्या सिव्हिकमध्ये २००० सालच्या अमेरिकन अक्युरा इंटिग्रा जीएस-आरचं इंजिन सगळ्या संचासकट बसवलं, तर मार्ग आहे. तेच इंजिन १९९४ च्या इंटिग्रातलं असेल तर पहिल्याच नियमाला फुली. आणि जपानी सिव्हिक टाइप आरचं प्रसिद्ध बी१६बी? ते अमेरिकेत कधी विकलंच गेलं नाही. मग तपासनीस त्याची तुलना कशाशी करणार? ज्या जपानी इंजिनाचं जुळं भावंड अमेरिकेत विकलं गेलं, तिथे अमेरिकन आवृत्तीचे भाग बसवून वाट निघू शकते.

हा निवाडा कोपऱ्यावरचं साधं स्मॉग सेंटर करत नाही. त्यासाठी ‘स्मॉग चेक रेफरी’ची अपॉइंटमेंट घ्यावी लागते. तो भाग न् भाग जुळवून बघतो आणि सगळं बरोबर असेल तर गाडीवर लेबल लावतो. पुढच्या चाचण्या त्या लेबलच्या आधारे नेहमीच्या सेंटरवर होतात.

आता सॉफ्टवेअरही तपासतात

२००० आणि त्यानंतरच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये आता नळीच घालत नाहीत. ओबीडी पोर्टला केबल लावून गाडीच्या कॉम्प्युटरलाच विचारतात. जुलै २०२१ पासून ईसीयूमधलं सॉफ्टवेअर कंपनीचं किंवा मान्यताप्राप्त आहे का, हेही बघतात. फोन रूट केल्यावर बँकेचं अ‍ॅप उघडायला नकार देतं ना? साधारण तसंच. ट्यून केलेली फाइल सापडली की गाडी नापास.

हा अतिरेक नाही का?

शौकिनांची तक्रार अशी: माझी गाडी मोजून बघा, धूर कमी असेल तर पास करा. ऐकायला न्याय्य वाटतं. पण सेंटरवरची चाचणी काही मिनिटांची, तीही गरम इंजिनावर. थंड इंजिन सुरू होतानाचा धूर, टाकीतून उडणारी वाफ, पाच वर्षांनी कन्व्हर्टरची अवस्था, हे त्यात दिसत नाही. चाचणीपुरती स्वच्छ गाडी काय करू शकते, हे २०१५ मध्ये फोक्सवॅगन प्रकरणात जगाने पाहिलं: प्रयोगशाळेत पास, रस्त्यावर नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत. म्हणून पूर्ण संचाची अट योग्यच आहे. खटकतं ते एवढंच, की खरोखर स्वच्छ पण कागद नसलेल्या इंजिनाला स्वतःला सिद्ध करायला परवडेल असा रस्ता जवळपास नाही.

सूट मागण्याचा प्रयत्नही झाला. ३५ वर्षांहून जुन्या, कलेक्टर विमा असलेल्या गाड्यांना स्मॉग चेकमधून वगळणारं ‘लेनोज लॉ’ विधेयक २०२५ मध्ये आलं. टीव्ही होस्ट जे लेनो यांनी स्वतः पाठिंबा दिला, तरी ऑगस्टमध्ये ते समितीतच अडकलं.

आपल्याकडे?

आपली पीयूसी चाचणी पेट्रोल गाडीच्या धुरातले वायू मोजते. इंजिन कोणाचं, हे विचारत नाही. पण पीयूसी निघाली म्हणजे स्वॅप कायदेशीर झाला, असं अजिबात नाही. आरसीवर इंजिन नंबर असतो, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल चालत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठणकावलं. पुढे अपघात झाला तर विम्याचा दावाही इथेच अडकू शकतो.

तेव्हा नियम साधा: आधी कागद, मग इंजिन. कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांनी पैसे भरण्याआधी इंजिनाचा कोड, मॉडेल वर्ष आणि प्रमाणपत्र रेफरीच्या अटींशी ताडून बघावं. इथल्यांनी आधी आरटीओत लेखी विचारावं. सोबत ईसीयू आणि सेन्सर न देणारा विक्रेता कितीही स्वस्त देत असला, तरी तो तुम्हाला अर्धंच इंजिन विकतोय.