काटकसर कोठे गेली?

मोटार घ्यावयास निघालेला मराठी मध्यमवर्गीय दुकानात पाऊल टाकताच जो प्रश्न विचारतो तो वेगाचा नसतो, रंगाचाही नसतो. ‘ॲव्हरेज किती देते?’ हाच तो प्रश्न. या प्रश्नाची आजवर पुष्कळ थट्टा झाली आहे. परंतु ज्या देशास आपल्या गरजेपैकी शेकडा ८५ हून अधिक कच्चे तेल परमुलखातून विकत आणावे लागते, त्या देशातील गिऱ्हाइकाने विचारावा असा याहून शहाणा प्रश्न आम्हांस दिसत नाही. दुर्दैव एवढेच, की चाळीस वर्षे तो विचारून झाल्यावरही उत्तरात जेवढी भर पडावयास हवी होती तेवढी पडलेली नाही. इंजिने सुधारली, आणि सुधारणा लहानसहान नाही. मग तिचा लाभ कोणाच्या पदरात पडला? १ एप्रिल २०२७ पासून मोटारींच्या इंधनमर्यादेचे नवे नियम लागू करण्याचे योजिले असून त्यांवरून कारखानदारांत मोठा कलह माजला. तेव्हा या प्रश्नाचा छडा लावण्यास हीच वेळ योग्य होय.

काटकसरी गाडीचा जन्म बहुधा टंचाईच्या पोटी होतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वी फ्रान्समधील सित्रोएन कंपनीने आपल्या अभियंत्यांपुढे अट घातली, ती अशी: शेतकऱ्याला बटाट्यांच्या पोत्यासह बाजारात नेईल आणि १०० किलोमीटरला ३ लिटर पेट्रोल पिईल अशी गाडी करा. म्हणजे लिटरला ३३ किलोमीटर! १९४८ साली लोकांपुढे आलेली ३७५ घनसेंटिमीटरची ‘दोन अश्वां’ची गाडी या अटीस पूर्णपणे उतरली नाही, तरी त्या अटीनेच तिचे अंग हलके ठेविले. १९५६ साली सुएझ कालवा बंद पडला, इंग्लंडात पेट्रोलवर नियंत्रण आले, आणि त्या चिमट्यातून १९५९ साली ॲलेक इसिगोनिस यांची ‘मिनी’ निघाली. इंजिन आडवे बसवून त्याचा जोर पुढच्या चाकांनाच द्यावा, म्हणजे मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांबलचक दांडा वाचतो, जागा वाचते आणि वजनही घटते, ही त्यांची युक्ती. जगातील बहुतेक सर्व छोट्या गाड्यांनी पुढे तीच उचलली.

आपल्याकडे या गोष्टीचा विचार झाला नव्हता असे नाही. १९५९ साली श्री. ल. क. झा यांच्या समितीने स्वस्त गाडीची गरज प्रतिपादिली होती. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी तर समित्यांच्या अहवालांची वाट न पाहता ‘मीरा’ नावाची छोटी गाडी आपल्या हिकमतीवर घडविली. वर्षानुवर्षे तिच्या नव्यानव्या आवृत्त्या ते सिद्ध करीत राहिले. मोठ्या प्रमाणावर उत्पादन होण्याचे भाग्य मात्र तिच्या कपाळी नव्हते. गिऱ्हाइकाच्या वाट्यास कुर्ल्याच्या कारखान्यातील फियाट आणि उत्तरपाऱ्याची ॲम्बॅसडर या दोनच गाड्या राहिल्या, आणि त्यांच्यासाठीही पैसे भरून वर्षे मोजीत बसावे लागे. अशा स्थितीत पेट्रोलची काटकसर कारखानदाराने करावी कशासाठी?

१४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० आली आणि ही मिरास संपली. फियाटच्या ‘पद्मिनी’चे वजन सुमारे ९०० किलो, तर मारुतीचे ६५० च्या आतबाहेर. इंजिन ७९६ घनसेंटिमीटरचे, तीन नळकांड्यांचे, आडवे बसविलेले. चाळीसांच्या आतच अश्वशक्ती असलेल्या या गाडीने चौकोनी कुटुंबाला पुण्याहून महाबळेश्वरास नेऊन आणले आणि पेट्रोलचा खर्च घरखर्चाच्या वहीत बसवून दाखविला. जुन्या लोकांनी तिला काड्यापेटी म्हणून हिणविले. परंतु या काड्यापेटीत जपानी काटकसरीचे सारे शास्त्र होते, आणि त्या शास्त्राचे पहिले कलम एकच: ओझे कमी करा. शहरातील गाडी दर सिग्नलला थांबते आणि पुन्हा गती घेते. तो गती देण्याचा खर्च सरळ वजनाच्या प्रमाणात वाढतो. आणि ब्रेक दाबताच तो सारा उष्णतेच्या रूपाने वाया जातो. महामार्गावर वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि तेथे गाडीची उंची व रुंदी आडवी येते. यापलीकडे यात गूढ असे काही नाही.

मारुतीनंतरच्या चाळीस वर्षांत इंजिनाचे अंतरंग पार पालटले. कार्ब्युरेटर जाऊन नळकांड्यागणिक मोजून इंधन सोडणारी यंत्रणा आली, झडपांची उघडझाप वेगाप्रमाणे बदलू लागली, संगणक ठिणगीची वेळ क्षणाक्षणाला ठरवू लागला. याचे फळ आकड्यांत पाहावे. २००९ साली रस्त्यावर आलेल्या टाटांच्या ‘नॅनो’चे वजन सुमारे ६०० किलो, इंजिन ६२४ घनसेंटिमीटरचे, आणि पुण्याच्या वेताळ टेकडीवरील ‘एआरएआय’ संस्थेच्या कसोटीवर तिने दिलेला आकडा लिटरला २३.६ किलोमीटर. २०२४ ची नवी ‘स्विफ्ट’ वजनाने ९०० किलोंच्या वर, शक्तीने नॅनोच्या दुपटीहून अधिक. आणि तिचा आकडा २४.८. अभियंत्यांचे कौतुक करावे तेवढे थोडेच आहे! तीनशे किलो जास्त ओढूनही गाडी जुन्याहून कणभर पुढेच गेली. परंतु हिशेबाची दुसरी बाजूही वाचली पाहिजे. पंधरा वर्षांच्या संशोधनातून गिऱ्हाइकाला लिटरमागे मिळाले जेमतेम सव्वा किलोमीटर. उरलेले सारे वाढलेले अंग आणि वाढलेली ताकद यांनी खाल्ले.

हे आपल्याकडेच घडले असे मानण्याचे कारण नाही. अमेरिकेत १९९० साली ‘जिओ मेट्रो’ नावाची एक गाडी मिळे. सुझुकीच्या ‘कल्टस’चाच तो अमेरिकन अवतार, आपल्याकडची ‘मारुती १०००’ त्याच कुळातली. तिच्या ‘एक्सएफआय’ या सर्वांत काटकसरी आवृत्तीस आजच्या कडक सरकारी पद्धतीने मोजले असता गॅलनला ४७ मैल, म्हणजे लिटरला सुमारे २० किलोमीटर पडतात. २०२४ साली तेथे मिळणाऱ्या स्वस्त छोट्या गाड्यांपैकी ‘मित्सुबिशी मिराज’ ही काटकसरीबद्दल नावाजलेली, तिचा त्याच पद्धतीचा आकडा ३९ मैल, म्हणजे साडेसोळा किलोमीटर. चौतीस वर्षे लोटल्यावर नात आजीहून अधिक पिते! क्रिस्टोफर निटेल या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ साली याचा हिशेबच मांडून दाखविला. अमेरिकन गाड्यांचे वजन व शक्ती १९८० च्या पातळीवर ठेविली असती, तर २००६ पर्यंत त्यांचे मायलेज शेकडा ६० च्या आसपास वाढले असते. प्रत्यक्षात वाढले ते शेकडा १५. बाकीची प्रगती गाड्यांनी अंगावर चढविली.

कसोटीच्या आकड्यांनाही आंधळेपणाने शरण जाता येत नाही. ‘मायलेज’ हा शब्द आपण वजनमापासारखा वापरतो. वास्तविक तो परीक्षेतील गुणांसारखा आहे, आणि परीक्षक बदलला की गुणही बदलतात. जपानमधील २०१४ च्या ‘अल्टो’ला तेथील तेव्हाच्या पद्धतीने लिटरला ३७ किलोमीटरचा आकडा मिळाला होता, २०२१ च्या अल्टोला नव्या पद्धतीने २७.७. गाडी काही सात वर्षांत एवढी बिघडली नव्हती. युरोपात तर प्रयोगशाळेतील आकडा आणि रस्त्यावरील अनुभव यांतील तफावत २००१ साली शेकडा ९ च्या सुमारास होती, ती २०१५ पर्यंत शेकडा ४२ वर पोहोचली. कारखानदार रस्त्यासाठी गाड्या करीत होते की परीक्षेसाठी, असा प्रश्न पडावा. २०१७ पासून त्यांनी कसोटीच बदलली. आपल्याकडे मात्र दादर ते अंधेरी तासभर रखडणाऱ्या माणसाला आपल्या गाडीचा छापील आकडा कधीच का भेटत नाही, याचे कोडे अजून सुटलेले नाही. त्यात पेट्रोलमध्ये शेकडा २० इथेनॉल मिसळले जाऊ लागले आहे. लिटरमागे इथेनॉलची उष्णता पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच असते, तेव्हा मिश्रणाच्या प्रत्येक लिटरातील ऊर्जा शेकडा ६ ते ७ ने घटते, ही साधी त्रैराशिकाची गोष्ट आहे. उसाच्या शेतकऱ्यास चार पैसे मिळतात आणि परकीय चलन वाचते, म्हणून आम्ही या धोरणाच्या विरोधी नाही. परंतु गिऱ्हाइकापाशी ही वजाबाकी स्पष्ट शब्दांत मांडावयास हवी होती.

आता गाड्यांचे अंग का वाढले ते पाहू. गिऱ्हाइकाची हौस हे एक कारण खरेच. २०२४-२५ साली देशात विकल्या गेलेल्या प्रवासी गाड्यांपैकी शेकडा ६५ या उंच, धिप्पाड वर्गातल्या होत्या. परंतु या हौसेला सरकारनेच खतपाणी घातले, हे कोणी बोलत नाही. २००६ च्या अंदाजपत्रकात छोट्या गाडीला करात सूट मिळाली आणि छोटी गाडी कोणती, तर जिची लांबी ४ मीटरच्या आत आणि पेट्रोल-इंजिन १२०० घनसेंटिमीटरच्या आत ती, अशी व्याख्या झाली. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कर शेकडा १८ वर आला, तोही पेट्रोल-गाड्यांपुरता याच मापाने. या व्याख्येत वजनाचा उल्लेख नाही, उंचीचा नाही, आणि ज्या पेट्रोलच्या बचतीसाठी हा खटाटोप, त्या पेट्रोलचाही नाही! तेव्हा कारखानदारांनी शिंप्याची टेप हातात घेतली आणि ३,९९५ मिलिमीटर लांबीत बसतील अशा बाराशे किलोंच्या गाड्या उभ्या केल्या. साडेसातशे किलोंची गाडी आणि ही बाराशे किलोंची गाडी सरकारदरबारी सारख्याच ‘छोट्या’. कायद्याने टेप दिली की कारखानदार टेपेप्रमाणे कापतो. यात त्याला दोष देऊन काय उपयोग?

एक आक्षेप मात्र गंभीर आहे, आणि तो टाळण्याची आमची इच्छा नाही. हलकी गाडी म्हणजे जीवाशी खेळ, असे म्हटले जाते. २०१४ च्या जानेवारीत ‘ग्लोबल एनकॅप’ या संस्थेच्या धडक-चाचणीत नॅनो व अल्टो ८०० यांसह आपल्याकडील पाच छोट्या गाड्यांना प्रौढांच्या सुरक्षिततेसाठी शून्य तारे मिळाले, हे आम्ही विसरलेलो नाही. त्यानंतर सांगाडे बळकट झाले, एअरबॅगा सक्तीच्या झाल्या, आणि त्यापायी वाढलेल्या प्रत्येक किलोचे आम्ही स्वागतच करतो. पेट्रोल वाचविण्यासाठी माणसे मारावीत असे कोण म्हणेल? परंतु वाढलेले सारे वजन सुरक्षिततेच्या खाती टाकणे हा लबाडीचा जमाखर्च आहे. २०२५ साली सहा एअरबॅगा लाभलेली अल्टो के१० आजही पाऊणशे कमी नऊशेच्याही आतच आहे. तिला २०२३ च्या चाचणीत दोनच तारे मिळाले होते, तेव्हा तिच्या सांगाड्यात आणखी पोलाद घालावयास हवे, हे मान्य. पण रुंद टायर, छतावरची काच आणि चौथ्या मजल्यावरून पाहिल्यासारखी बैठक यांनी कोणाचा जीव वाचतो? उलट उंच, जड गाडीची धडक पादचाऱ्याला आणि समोरच्या हलक्या गाडीला अधिक महाग पडते.

सरकारच्या इंधनमर्यादेतही हाच वजनाचा गोंधळ आहे. २०१७-१८ पासून प्रत्येक कंपनीच्या गाड्यांच्या सरासरीवर किलोमीटरला १३० ग्रॅम कर्बवायूची मर्यादा आली. २०२२-२३ पासून ती ११३ वर उतरली. पाऊल योग्यच होते. परंतु ही मर्यादा सर्वांस सारखी नाही. कंपनीच्या गाड्यांचे सरासरी वजन वाढले की मर्यादाही सैल होते. म्हणजे जो अंग वाढवील त्यास सवलत, आणि जो घटवील त्याच्यापुढे परीक्षा अधिक कठीण! सप्टेंबर २०२५ च्या मसुद्यात ९०९ किलोंपर्यंतच्या छोट्या पेट्रोल-गाड्यांना ३ ग्रॅमची सूट सुचविण्यात आली, तेव्हा एका बाजूने न्यायाची हाकाटी झाली आणि दुसऱ्या बाजूने पक्षपाताची. दोन्ही बाजूंस आपापला माल विकावयाचा आहे, हे उघड आहे. आमच्या मते सुटीची ही घासाघीसच चुकीची आहे. वजनाबरोबर मर्यादा सैल होण्याचा नियमच शक्य तितका सपाट करा. म्हणजे हलक्या गाडीस मेहेरबानी मागावी लागणार नाही आणि जड गाडीस लपावयास आडोसा उरणार नाही. करातील सवलत टेपेवरून काढून तराजूवर आणि पेट्रोलच्या मापावर आणा, आणि तीसाठी धडक-चाचणीतील किमान ताऱ्यांची अट घाला.

आणि दुकानातील पाटीवर लिटरला किती किलोमीटर यासोबत १०० किलोमीटरला किती लिटर, हाही आकडा छापावा. युरोपात तो छापतातच. १० चे १२ झाले काय आणि २० चे २४ झाले काय, दोन्ही वाढी शेकडा २० च्याच वाटतात. पण महिन्याला हजार किलोमीटर फिरणाऱ्याचे पहिल्या बदलाने जवळजवळ १७ लिटर वाचतात, दुसऱ्याने ८ च. बाराशे किलोंच्या गाडीचा मालक आणि साडेसातशेच्या गाडीचा मालक यांच्या खिशांतील अंतर आजच्या पाटीवर दिसत नाही; ते या आकड्याने दिसेल. वेताळ टेकडीवरील कसोटीला रस्त्यावरील गर्दीची, वातानुकूलन चालू असतानाची आणि २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची जोड देऊन तो आकडा काढावा. नियमांचा अंतिम मसुदा राजपत्रात जाण्यापूर्वी एवढे करण्यास ऊर्जा मंत्रालयास कोणाची हरकत येण्याचे कारण नाही. आलीच, तर ती कोणाची आली हेही लोकांस कळू द्यावे.