कपाटातलं यंत्र



हा अंक हाती पडेल तेव्हा कार्यालयातला जुना सर्व्हर बदललेला असेल. त्यावर विंडोज सर्व्हर २०१२ आहे. १० ऑक्टोबर २०२३ नंतर त्याला सुरक्षेच्या नेहमीच्या दुरुस्त्या मिळणं बंद झालं. तरी आम्ही तो चालवत राहिलो. चूक आमचीच. पैसे नेहमी आधी शिबिरांना लागतात.

त्यात हिशेब आहेत, अंकाच्या फायली आहेत. आणि सल्ला केंद्रात आलेल्या बायकांच्या नोंदी: घर सोडून ती कुठे राहते, कुणाकडे, मुलं कोणत्या शाळेत. हा पत्ता नवऱ्याच्या हाती लागला तर काय होतं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

काहीजणी म्हणाल्या, सगळं क्लाउडवर टाकू, कटकट नको. अंकापुरतं मला पटलं, नोंदींपुरतं नाही. भाडं थकलं तर? किल्ली कुणाच्या हाती? दुकानदाराने भला मोठा सर्व्हर सुचवला (आणि 'तुमचे साहेब कोण?' असंही विचारलं). आम्ही सहाजणी, आम्हाला दोन डिस्कची लहान पेटी पुरते. एकीवरचं दुसरीवर आपोआप उमटतं, एक बिघडली तरी काम थांबत नाही. पण चुकून पुसलेलं दोन्हीकडून जातं, म्हणून तो बॅकअप नव्हे. त्यासाठी तिसरी डिस्क, एन्क्रिप्ट केलेली, दर शुक्रवारी एकीच्या घरी जाईल. परवलीचा शब्द दोघींकडे.

जुन्या डिस्क भंगारात द्यायच्या नाहीत असं ठरलंय. फायली पुसल्या तरी मजकूर परत काढता येतो. त्या आम्ही गच्चीवर फोडणार आहोत; हातोडा मी आणतेय.