आपण आता कॅटनिस नाही आहोत

गेल्या नोव्हेंबरात मावशीचा फोन आला. माझी मावसबहीण अकरावीत आहे, नीटच्या तयारीसाठी लातूरला होस्टेलवर राहते. रेक्टर बाईंना तिच्या उशीखाली गोष्टीचं पुस्तक सापडलं होतं. घरच्या कुणीतरी येऊन ते घेऊन जावं, असा निरोप होता. मावशी म्हणाली, "तूच जा बाबा. समजावून सांग तिला. तुझं ऐकते ती."

पुस्तक होतं सुझन कॉलिन्सचं 'द हंगर गेम्स'. तिला ते मीच दिलं होतं.

मी पुण्याहून रात्रीच्या बसने गेलो. रेक्टर बाईंनी पुस्तक तिच्या हातात दिलं आणि तिने ते माझ्या हातात. मी पंधरा मिनिटं बोललो. आधी अभ्यास, मग वाचन. दोनच वर्षांचा प्रश्न आहे. मीही हेच केलं म्हणून आज बरी नोकरी आहे. ती वाद घालेल असं वाटलं होतं. ती एवढंच म्हणाली, "बरं दादा. परीक्षेनंतर वाचीन." आत मेसचं कूपन खूण म्हणून ठेवलेलं होतं. परतीच्या बसमध्ये मी त्या पानापासून वाचायला लागलो, आणि बार्शी यायच्या आत मला स्वतःची लाज वाटायला लागली.

हा लेख त्या लाजेबद्दल आहे. पण ज्या लाजेबद्दल नेहमी बोललं जातं, ती ही नव्हे.

नेहमीची लाज कोणती, ते तुम्हाला माहीत असेल. अठ्ठावीस वर्षांचा घोडा झालास आणि अजून पोरांची पुस्तकं वाचतोस? ऑफिसच्या कँटीनमध्ये मी हे ऐकलंय. अमेरिकेत 'स्लेट' या नियतकालिकात रूथ ग्रॅहम यांनी २०१४ साली हेच जरा नीट मांडलं होतं. मुलांसाठी लिहिलेलं वाचताना मोठ्यांना संकोच वाटायला हवा, असं त्यांचं म्हणणं. या कादंबऱ्यांचे शेवट फार समाधान देणारे असतात, मोठ्यांनी गुंतागुंतीचं काही वाचावं, वगैरे. त्यावर पुष्कळ गदारोळ झाला. माझ्या मते तो सगळा वाद चुकीच्या प्रश्नावर झाला. काय वाचायचं हा प्रश्नच नाही. वयात येणाऱ्या मुलांची पुस्तकं मोठेपणी कशी वाचायची, हा आहे. आणि इथे टीका करणाऱ्यांपेक्षा बाजू घेणारे, म्हणजे माझ्यासारखे, जास्त दोषी आहेत.

आपण ती कशी वाचतो? आठवणींचा डबा उघडल्यासारखी.

आपल्याकडे यंग अ‍ॅडल्ट असा वेगळा कप्पा फारसा रुजलेला नाही. 'किशोर' मासिक आणि फास्टर फेणे संपले की पोरांना थेट 'मृत्युंजय' देतात. पण त्या वयाची चांगली पुस्तकं मराठीत आहेत, ती मोठ्यांच्या कपाटात बसलीत इतकंच. प्रकाश नारायण संतांचा लंपन घ्या. मिलिंद बोकीलांची 'शाळा' घ्या. २००४ साली आलेली, आणीबाणीच्या काळातल्या एका नववीतल्या मुलाची कादंबरी. मी ती पहिल्यांदा नववीत असतानाच वाचली, आणि मुकुंद जोशी म्हणजे मीच असं मला वाटलं. ते योग्यच होतं. त्या वयात असंच वाचायचं असतं.

पण माझे मित्र ती आजही तशीच वाचतात. 'शाळा'चा विषय काढा, पाच मिनिटांत कुणीतरी म्हणतं, "आमच्या वर्गातही एक शिरोडकर होती." मग प्रत्येकाची शिरोडकर निघते. क्लासला ती कुठल्या रस्त्याने जायची, सायकल कशी मागे काढायचो, कुणाला कशी लाइन द्यायचो. सगळे हसतात. मीही हसलोय. कादंबरी जोशीच्या तोंडून सांगितलेली आहे, त्यामुळे शिरोडकरच्या मनात काय चाललंय ते आपल्याला फक्त त्याच्या नजरेतून कळतं. चौदा वर्षांच्या वाचकाला तेवढं पुरतं. तिशीला आलेल्या वाचकाने तरी थांबून विचारायला नको का, की रोज आपल्या मागे कुणीतरी येतंय हे त्या मुलीला कसं वाटत असेल? आणि आज जी मुलगी नववीत आहे, तिच्या रस्त्यावर आपण कोण आहोत?

आता पुन्हा बसमध्ये येऊ. 'हंगर गेम्स'ची गोष्ट बहुतेकांना माहीत आहे. बारा जिल्हे. प्रत्येकातून बारा ते अठरा वर्षांची एक मुलगी आणि एक मुलगा चिठ्ठी काढून निवडतात. चोवीस जणांना रिंगणात सोडतात, एक उरेपर्यंत. राजधानीतली माणसं ते टीव्हीवर बघतात. सोळा वर्षांची कॅटनिस धाकट्या बहिणीच्या जागी स्वतः जाते.

खेळ संपल्यावर कॅटनिसला नटवणारी तीन माणसं तिच्याभोवती जमतात. ती तिच्यावर माया करतात, दुष्ट अजिबात नाहीत. ती खेळाबद्दल अखंड बोलत असतात, पण बोलणं सगळं स्वतःबद्दल असतं: अमुक घडलं तेव्हा मी कुठे होतो, काय करत होतो, मला कसं वाटलं. मेलेल्या मुलांबद्दल त्यात काही नसतं, आणि हे कॅटनिसच्या लक्षात येतं.

विसाव्या वर्षी मी या पुस्तकावर एक लांबलचक पोस्ट लिहिली होती. बसमध्ये फोनवर शोधून काढली. पहिला परिच्छेद असा: सबमिशनच्या आदल्या रात्री होस्टेलच्या गच्चीवर मी हे पुस्तक कसं संपवलं, मेसमधला चहा कसा गार झाला, मला कसं रडू आलं. दीडशे लाइक होते. म्हणजे मी त्या नटवणाऱ्यांपैकीच एक होतो.

पण खरा धक्का हेमिचने दिला. हेमिच हा कॅटनिसच्या जिल्ह्याचा एकमेव जिवंत विजेता. नव्या मुलांना तयार करणं हे त्याचं काम. पहिल्यांदा दिसतो तेव्हा तो इतका प्यायलेला असतो की व्यासपीठावरून खाली कोसळतो. विसाव्या वर्षी मला तो विनोदी वाटला होता. आता मी हिशोब केला. तो पन्नासाव्या खेळात जिंकला, गोष्ट चौऱ्याहत्तराव्या खेळाची आहे. मधे तेवीस खेळ, दर खेळाला दोन मुलं. म्हणजे शेहेचाळीस पोरं त्याने तयार करून पाठवली आणि एकही परत आलं नाही.

लातूर म्हणजे रिंगण, अशी स्वस्त तुलना मला करायची नाही. तिथे कुणी कुणाला मारत नाही. लहान गावांतली कितीतरी पोरं तिथे शिकून डॉक्टर झाली आहेत, आणि मावशीची धडपड खोटी नाही. मी बोलतोय ते मोठ्या माणसाच्या जागेबद्दल. मी त्या शर्यतीतून वाचून बाहेर आलेला माणूस आहे. तिथे काय होतं ते मला ठाऊक आहे. दर आठवड्याची टेस्ट, भिंतीवर लागणारी रँक, रात्री बाथरूममध्ये जाऊन रडणारा रूममेट. आणि तरी मी लातूरला जाऊन काय सांगितलं? मी जिंकलो, तूही जिंकशील, पुस्तक दे.

या पुस्तकांमधली मोठी माणसं आपण वाचतच नाही. पोरांच्या जागी बसायची इतकी सवय लागलेली असते की आपली खुर्ची बदलल्याचं कळत नाही. एस. ई. हिंटनने अमेरिकेत 'द आउटसायडर्स' लिहायला घेतली तेव्हा ती स्वतः शाळेत होती. १९६७ साली ती छापून आली. आपल्या आसपासच्या पोरांबद्दल खरं कुणी लिहीत नाही, ही तिची तक्रार होती. असली बरीच पुस्तकं मोठ्यांविरुद्धची तक्रारच असतात. आणि आपण, ज्यांच्यावर तक्रार आहे तेच, ती वाचून म्हणतो, "किती छान, अगदी माझ्यावरच लिहिलंय."

कुणी म्हणेल, करमणुकीसाठी वाचतो, त्यात हे ओझं कशाला? वाचा की. मीही तसं वाचतो. पण मग ही पुस्तकं फार गंभीर असतात म्हणून कँटीनमध्ये भांडू नका. गंभीर असतील तर त्यांनी आपल्याला जो प्रश्न विचारलाय, त्याला उत्तर द्यावं लागेल.

हेमिचसुद्धा काहीतरी करतो. तो खेळ बंद पाडू शकत नाही. पण या दोन पोरांना मदत करता येईल इतपत शुद्धीत राहायचं कबूल करतो. पुढे कॅटनिस रिंगणात भाजते, तेव्हा तिला मलम पोचतं ते त्याच्यामुळे.

मी पुस्तक कुरियरने परत पाठवलं, कूपन त्याच पानात ठेवून. रेक्टर बाईंना फोन करून सांगितलं, की ते मी दिलंय आणि ते तिच्याकडेच राहू द्या. मग मावशीला फोन केला. ती चिडली. "उद्या मार्क कमी पडले तर तू भरून देणार का?" म्हणाली. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. दिवाळीला घातलेल्या फराळाच्या डब्याचा विषय सोडून ती माझ्याशी दुसरं काही बोलत नाही.

बहीण दर रविवारी टेस्टनंतर फोन करते. पहिली दहा मिनिटं मी मार्क विचारत नाही. हे मला वाटलं होतं त्यापेक्षा खूप अवघड जातं.