तान्ह्या पोळ्याची झूल

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीवर गोटमार असते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या घरी मात्र त्या दिवशी पोरांची धांदल असते ती तान्ह्या पोळ्याच्या लाकडी नंदीसाठी. यंदा त्याची झूल विकत आणू नका, मुलांना सोबत घेऊन शिवा. भाच्याला द्यायलाही छान भेट होते.

आधी माप घ्या. लांबी नंदीच्या खांद्यापासून शेपटीपर्यंत, रुंदी पाठीवरून दोन्हीकडे अर्ध्या पोटापर्यंत. शिवणीसाठी चहूबाजूंनी १ सेंमी जास्त ठेवा. वरचा तुकडा जुन्या साडीच्या काठाचा, खालचा सुती अस्तराचा. सुलट बाजू समोरासमोर ठेवून तीन बाजूंनी बारीक धावदोरा घाला, कापड उलटवा आणि चौथी बाजू तुरपून घ्या. कोपऱ्यांना लोकरीचे गोंडे आणि पोटाखाली बांधायला नाडी लावा. मुलं लहान असतील तर आरशांऐवजी रंगीत दोऱ्याचे टाके घाला.

१९५६ साली राज्यं नव्यानं आखली गेली. नागपूर मुंबई राज्यात गेलं. सौंसर-पांढुर्णा मध्य प्रदेशातच राहिलं. आता आपली बरीच मुलं हिंदी-इंग्रजीत शिकतात. झूल, गोंडा, अस्तर, धावदोरा हे शब्द त्यांना शाळेत कुठे भेटणार? म्हणून शिवताना मी मुलीशी मराठीतच बोलते: "दोरा ओव, गाठ मार, टाका बारीक घे." काम हातात असलं की शब्द पाठ करावा लागत नाही.

दोन संध्याकाळी पुरतात. पोळ्याच्या आधीच बसा.