पत्र्याखालचा उन्हाळा

चैत्र लागला की वस्तीतल्या बाया भाकऱ्या पहाटेच थापून ठेवतात. दहा वाजून गेले की चुलीपाशीच काय, गॅसपाशीही बसवत नाही. बाराला लोखंडी पत्रा हात लावू देत नाही. रात्रपाळी करून पोटमाळ्यावर झोपलेला माणूस घामाने निथळून उठतो. हे आम्ही नव्याने सांगावे असे नाही. आमच्या वाचक भगिनींना ते आमच्याहून अधिक ठाऊक आहे. परंतु अलीकडे घरोघरी एक वाक्य ऐकू येऊ लागले आहे, "यंदाचं ऊन काही वेगळंच आहे." म्हातारी माणसे दरवर्षी असेच म्हणतात, असे समजून आपण ते सोडून देतो. या खेपेला ते सोडून देऊ नये, कारण ते खरे आहे.

२०२४ हे साल तापमानाची मोजदाद सुरू झाल्यापासूनचे सर्वांत उष्ण साल ठरले. कारखानदारी वाढण्याआधीच्या काळाच्या मानाने पृथ्वी त्या वर्षी सुमारे दीड अंशाने अधिक तापली. दीड अंश म्हणजे काय मोठे, असे कुणी म्हणेल. लेकराच्या अंगात सदतीसचे साडेअडतीस झाले तर आई त्याला शाळेत पाठवत नाही, एवढे ध्यानात घ्यावे.

याचे कारण जादूटोणा नाही, देवाचा कोपही नाही. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळले की कार्बन डायऑक्साइड नावाचा वायू निघतो. तो हवेत शेकडो वर्षे साचून राहतो आणि जमिनीची उष्णता वर जाऊ देत नाही. अंगावर वाकळ घेतल्यासारखे होते. स्वीडनच्या आऱ्हेनियस या शास्त्रज्ञाने १८९६ सालीच याचा हिशेब मांडून दाखविला होता. त्या वायूचे प्रमाण पूर्वी हवेच्या दहा लाख भागांत २८० भाग होते. आता ते ४२० च्या वर गेले आहे. वाकळेवर वाकळ चढते आहे.

आता ही वाकळ कुणी घातली? अमेरिकेतला एक माणूस वर्षाला सरासरी सुमारे १४ टन वायू हवेत सोडतो, आपल्या देशातला सुमारे दोन टन. हे दोन टनही सरासरीचे. त्यात चार मोटारी आणि घरभर एअर कंडिशनर असलेला आला आणि नाक्यावर घमेले घेऊन उभा राहणाराही आला. दोघांचा हिशेब एका ओळीत मांडला की गरिबाच्या नावावर नसलेला धूर त्याच्या नावावर चढतो. चंद्रपूरचेच पाहा. तिथल्या औष्णिक वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट. कोळशाच्या एका युनिट विजेमागे सुमारे एक किलो वायू निघतो. ती वीज दूरदूरच्या शहरांना जाते. राख, धूर आणि चाळिशीपार गेलेला पारा चंद्रपुरातच राहतो. आणि शहरात काय होते? थंड खोलीची गरम हवा बाहेर फेकली जाते, बऱ्याचदा आपल्याच गल्लीच्या तोंडावर.

म्हणून पर्यावरणाचे व्याख्यान द्यायला येणारे जेव्हा वस्तीत उभे राहून "काटकसर करा, वस्तू पुन्हा वापरा" असे सांगतात, तेव्हा आम्हांस थोडे हसू येते. थोरल्याची पँट धाकट्याला, धाकट्याची पोतेऱ्याला, हे आपल्या घरात कुणी शिकविलेले नाही. पिशवी धुऊन वाळत घालणारी, डबे-बाटल्या जपणारी, रद्दी विकून मीठमिरचीला पैसे काढणारी बाई कोणत्याही परिषदेत बोलावली जात नाही. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली, ती कचरा वेचणाऱ्यांची, बहुतेक आपल्याच समाजातल्या आयाबहिणींची संघटना. शहराच्या कचऱ्यातून पुन्हा कामाला येणारा माल या बाया पाठीवर वाहून नेतात. तेवढा नवा माल तयार करण्याचा धूर वाचतो. निसर्गाची खरी सेवा हीच, आणि तीही भर उन्हात.

तेव्हा अपराधी वाटून घेण्याचे आपल्याला काही कारण नाही. मात्र उन्हाला कुणाचा अपराध आहे हे कळत नाही. ते पत्रा पाहून येते.

२०१० च्या मे महिन्यात अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या एका महिन्यात, आधीच्या वर्षांच्या मे महिन्यांशी ताडून पाहता, १,३४४ माणसे जास्त दगावली. यांतल्या बहुतेकांच्या कागदावर ऊन हा शब्दच नव्हता. ऊन बऱ्याचदा हृदय बंद पडले, मूत्रपिंड निकामी झाले, अशाच नावाने नोंदले जाते. हा आकडा हिशेब करून काढला, तेव्हा नगरपालिका जागी झाली आणि २०१३ साली तिने उन्हाचा आराखडा केला. आधी इशारा द्यायचा, पाणपोया वाढवायच्या, दवाखाने सज्ज ठेवायचे, असा तो साधा बेत. पुढे नागपूरनेही तो उचलला.

ऊन म्हणजे फक्त विदर्भाचे, असे कोकण-मुंबईकडच्या वाचकांनी समजू नये. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या समारंभाला लाखो माणसे तासन्‌तास उघड्यावर बसली होती. १४ जण उष्माघाताने गेले. समुद्रकाठी हवा दमट, म्हणून घाम येतो पण वाळत नाही. आणि घाम वाळला तरच अंग निवते. पारा अडतीस दाखवतो आणि अंगाला पंचेचाळीसचे चटके बसतात. आपल्याकडे १४ एप्रिलच्या मिरवणुका आणि वैशाखातली बुद्धपौर्णिमा नेमक्या याच दिवसांत येतात. मिरवणूक पाच वाजल्यानंतर काढावी, लेकरांना आणि म्हाताऱ्यांना डीजेच्या गाडीमागे दुपारपासून ताटकळत ठेवू नये, पाण्याचे पिंप वाटेवर ठरावीक अंतरावर ठेवावे. वर्गणीचे चार पैसे फटाक्यांऐवजी पाण्याला गेले तर कुणाचाही मान कमी होत नाही.

आता कामाच्या ठिकाणाविषयी. ऊन लागून पडणारे जास्त करून तेच असतात, ज्यांना घरी बसण्याची सोय नाही. सेंटरिंगवाले, पाटी वाहणाऱ्या बाया, हातगाडीवाले, डांबर टाकणारे, झाडू खात्याची माणसे. एक दिवसाचा खाडा म्हणजे संध्याकाळचा आटा गेला. ठेकेदाराला सांगावे, कामाची वेळ पहाटे सहा ते अकरा आणि मग चार ते सात अशी ठेवा, दुपारी सावलीत बसू द्या. एकट्याने सांगितले तर तो दुसऱ्या दिवशी नाक्यावरून दुसरा माणूस उचलतो. दहाजण मिळून सांगितले तर त्याला ऐकावे लागते, कारण स्लॅब त्यालाही वेळेवर टाकायचा असतो. गावाहून नुकत्याच आलेल्या किंवा आजारातून उठलेल्या माणसाला पहिला आठवडा हलके काम मिळाले पाहिजे. अंगाला उन्हाची सवय व्हायला आठ-पंधरा दिवस लागतात, आणि तोवरच माणसे जास्त पडतात.

बायांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. ती चारचौघांत बोलली जात नाही, म्हणून इथे लिहितो. पुष्कळ भगिनी कामावर दिवसभर पाणीच पीत नाहीत. पाणी नसते म्हणून नव्हे, तर मुतारी नसते म्हणून. सकाळी घरून निघताना एक घोट, आणि मग संध्याकाळी परत आल्यावर. लघवीची जळजळ, कंबरदुखी, चक्कर, आणि एखाद्या मे महिन्यात थेट दवाखाना. बांधकामावर पिण्याचे पाणी आणि बायांसाठी वेगळी मुतारी देणे १९९६ च्या कायद्याने मालकावर बंधनकारक केले. आता तो कायदा नव्या श्रमसंहितेत सामावला असला तरी ही जबाबदारी मालकाचीच राहिली आहे. ही मागणी पुरुषांनी पुढे होऊन करावी. बहिणीसाठी, बायकोसाठी मुतारी मागायला लाज कसली?

ऊन लागलेला माणूस ओळखणे फार महत्त्वाचे. सुरुवातीला डोके दुखते, मळमळते, पायात गोळे येतात. सावलीत नेले, पाणी पाजले की तो सावरतो. पण जो असंबद्ध बोलू लागला, ज्याचा झोक जातो, ज्याचे अंग तव्यासारखे तापले, त्याला पाहून लोक म्हणतात, "लावून आलाय, झोपू द्या." अशीच माणसे झोपेतून उठत नाहीत. त्याने खरोखर घेतली असेल तरी उन्हात ती दुप्पट घातक. अशा माणसाला तत्काळ सावलीत न्यावे, कपडे सैल करावे, अंगावर पाणी ओतत वारा घालावा, मान, काख आणि जांघेत ओले फडके किंवा बर्फ ठेवावा, आणि १०८ ला फोन करावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये, ते फुप्फुसात जाते. तापाची गोळी देऊ नये. हा तो ताप नव्हे. खिशात कांदा ठेवल्याने काही बिघडत नाही, पण त्याच्या भरवशावर राहू नये.

घरी एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा, हे पाणी करून ठेवावे. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी असल्याच मीठ-साखरेच्या पाण्याने हगवणीच्या रोग्यांचे प्राण वाचविले. औषध स्वस्त आहे म्हणून ते हलके समजू नये. ज्वारीची आंबील, ताक, कैरीचे पन्हे हेही उत्तम. रंगीत थंड बाटलीपेक्षा हजारपट. रक्तदाबाच्या किंवा लघवी जास्त होण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र मीठ-पाण्याचे प्रमाण दवाखान्यात विचारून घ्यावे.

आणि दुपारी तीन वाजता शेजारच्या खोलीत डोकवावे. एकटी राहणारी म्हातारी, बाळंतीण, पांगळा माणूस यांच्या दारी कुणी गेले नाही तर दार संध्याकाळी उघडते. वस्तीतल्या दहावी-बारावीच्या पोरांनी ही पाळी वाटून घ्यावी. सुट्टीत त्यांना कामही हवे असते. शेजाऱ्याच्या छातीवर धूर जाईल असा कचरा, त्यातही प्लास्टिक आणि टायर, पेटवू नये. भर उन्हाळ्यात कोंदट गल्लीत तो धूर हलत नाही. विहाराच्या अंगणात फरशी बसविताना झाडाला जागा ठेवावी. हल्ली सगळीकडे पेव्हर ब्लॉक घालण्याची हौस आली आहे. दिसायला छान, पण अनवाणी लेकरांना विचारा.

राहिला पत्रा. पांढरा रंग ऊन परतवून लावतो, ही साधी गोष्ट. अहमदाबादेत गरीब वस्त्यांतली छपरे चुन्याने रंगविली गेली, आणि तेलंगण सरकारने २०२३ साली थंड छपरांचे धोरणच आणले. घरातली उष्णता दोन ते पाच अंशांनी उतरते. नुसता चुना पत्र्यावर टिकत नाही, त्यात डिंक किंवा फेविकॉल घालावे लागते. पत्रा आधी घासून धुवावा, कोरडा करावा, मग दोन हात मारावेत. डोळ्यांत चुना जाऊ देऊ नये, हाताला प्लास्टिक बांधावे. मालक भाड्याच्या खोलीला रंग लावत नसेल तर गल्लीने मिळून वर्गणी काढावी. एका पोत्यात बरीच घरे होतात. पत्र्याच्या आतून गोणपाट किंवा जुन्या साड्यांचे छत ताणले तर आणखी बरे, मात्र चूल आणि विजेच्या तारा त्यापासून दूर ठेवाव्यात. पंख्यापुढे ओले फडके टांगण्याची युक्ती विदर्भात चालते, मुंबईत फारशी चालत नाही, हवा आधीच ओली असते.

हे काम फेब्रुवारीत उरकावे. एप्रिलमध्ये पत्र्यावर पाय ठेवता येत नाही.