चूक बोटांची की आराखड्याची?

महागड्या ग्राफिक्स कार्डाचा कनेक्टर वितळला की निकाल ठरलेला असतो: वापरणाऱ्याने केबल नीट खोचली नाही. आरटीएक्स 4090 च्या बाबतीत अशा तक्रारी आल्या, तेव्हा नोव्हेंबर 2022 मध्ये एनव्हिडियानेही हेच प्रमुख कारण सांगितले. ते खोटे नाही. अर्धवट बसलेली जोडणी तापतेच. पण केसभर चुकीला एवढी शिक्षा का, हा प्रश्न या निकालात सोयीस्करपणे गळून पडतो.

गणित शाळेतले आहे. जुन्या आठ पिनांच्या कनेक्टरची मर्यादा 150 वॉट. 12 व्होल्टला साडेबारा अँपिअर, तीन तारांत विभागले की प्रत्येकी सुमारे 4.2, पिन याच्या जवळजवळ दुप्पट धारा पेलते. नव्या सोळा पिनांच्या कनेक्टरवर मर्यादा 600 वॉट, म्हणजे 50 अँपिअर, सहा तारांत प्रत्येकी 8.3. पिनची क्षमता मात्र सुमारे 9.5. सुरक्षिततेसाठी राखलेली जागा जेमतेम पंधरा टक्के, आणि तीही धारा सहा वाटांनी समान वाहील हे गृहीत धरून!

ती तशी वाहीलच असे नाही. समांतर वाटांपैकी जिचा रोध कमी, तिच्यातून अधिक धारा जाते. आणि धारा दुप्पट झाली की त्याच संपर्कातली उष्णता चौपट होते. आरटीएक्स 3090 टीआयमध्ये या सहा तारा तीन गटांत विभागून भार समतोल ठेवला जात असे. 4090 मध्ये त्या कार्डावर शिरताच एकत्र केल्या गेल्या, 575 वॉटच्या 5090 मध्येही तेच. फेब्रुवारी 2025 मध्ये डेरबाउअर या जर्मन परीक्षकाने 5090 च्या एका तारेत 20 अँपिअरहून अधिक धारा मोजली. मधल्या काळात आलेल्या सुधारित कनेक्टरमध्ये चार लहान पिना आखूड केल्या, जेणेकरून अर्धवट खोचलेल्या केबलवर कार्ड चालू नये. सुधारणा खरी, पण त्या पिना वीजपुरवठ्याची क्षमता सांगतात, तारेतली धारा मोजत नाहीत.

आपल्याकडे हा प्रश्न केवळ संगणकावर खेळणाऱ्यांचा नाही. मार्च 2024 मध्ये मंजूर झालेल्या इंडियाएआय मोहिमेपासून देशात किती जीपीयू आले याची मोजदाद उत्साहाने होते. मोठ्या केंद्रांत ते जोडायला तंत्रज्ञ असतात. प्रयोगशाळेतल्या टेबलावरच्या संगणकात मात्र केबल बहुधा विद्यार्थीच खोचतो, आणि मॉडेलचे प्रशिक्षण रात्रभर पूर्ण भाराने चालते, तेही उन्हाळ्यात.

म्हणून विद्यार्थ्यांनी आपल्यापुरते एवढे पाळावेच: वीज पूर्ण बंद करून, खटका बसेपर्यंत आणि फट दिसेनाशी होईपर्यंत केबल दाबावी. कनेक्टरला लागूनच तार वाकवू नये. अ‍ॅडॉप्टर असेल तर त्याच्या प्रत्येक तोंडाला स्वतंत्र केबल द्यावी. एकाच केबलची दोन तोंडे वापरून काम भागवू नये. आणि एका कंपनीच्या पॉवर सप्लायची सुटी केबल दुसरीच्या सप्लायला कधीही लावू नये, कारण तिकडच्या टोकाची पिनरचना प्रमाणित नाही. खोचली जाईल, पण चुकीच्या पिनेवर 12 व्होल्ट पोहोचतील.

हे सारे पाळूनही, बहुतेक कार्डांवर कोणत्या तारेतून किती धारा वाहते हे कळण्याची सोय नसते. असूसने 5090 च्या अ‍ॅस्ट्रल मालिकेत प्रत्येक पिनची धारा मोजून दाखवली आहे. म्हणजे ते अशक्य नव्हते.