इबोला दूर आहे, नळ जवळ आहे

इबोलाचं नाव बातम्यांत आलं की दवाखान्यात विचारणा सुरू होते. "डॉक्टर, हा आपल्याकडे आला तर? पोटुशी बाईला झाला तर बाळाचं काय?" प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी त्याचं उत्तर देतो. पण त्यानंतर मी तुम्हाला एक प्रश्न विचारणार आहे. तो तुमच्या घरच्या नळाबद्दल आहे.

इबोला आणि गरोदर स्त्री

१९७६ मध्ये आफ्रिकेतल्या झाईर देशात (आजचा काँगो) यांबुकू नावाच्या गावी इबोलाची साथ आली. त्यात ८२ गरोदर स्त्रियांना लागण झाली आणि ७३ दगावल्या. ज्या ११ बाळांचा जिवंत जन्म झाला, त्यांतलं एकही १९ दिवसांपलीकडे जगलं नाही. हा विषाणू वारेतून बाळापर्यंत पोचतो, त्यामुळे गर्भपात होतो, बाळ पोटातच जातं किंवा जन्मल्यावर काही दिवसांत जातं. २०१५ मध्ये गिनी देशात इबोला झालेल्या आईचं एक बाळ नव्या औषधांमुळे वाचलं. आई मात्र वाचली नाही.

आता यातली खरी गोष्ट ऐका. यांबुकूत इतक्या गरोदर बायका का सापडल्या? तिथल्या मिशनच्या दवाखान्यात रोज सकाळी पाच सिरिंज काढल्या जात आणि त्याच दिवसभर सगळ्यांना वापरल्या जात. गरोदर बायका तपासणीला येत, इंजेक्शन घेत आणि घरी विषाणू घेऊन जात. विषाणू आला जंगलातून, पण त्या बायकांच्या अंगात तो माणसाच्या हलगर्जीपणानं गेला.

इबोला हवेतून किंवा नळाच्या पाण्यातून पसरत नाही. आजारी माणसाचं रक्त, उलटी, शौच, घाम यांच्या थेट संपर्कातून तो पसरतो. भारतात त्याची साथ कधीही आलेली नाही. कळमेश्वरच्या गरोदर बाईनं त्याच्या भीतीनं झोप घालवायचं कारण नाही.

पण गरोदर बाईला निवडून मारणारा एक विषाणू आपल्या देशात आहे, आपल्या राज्यात आहे आणि तो पाण्यातून येतो. त्याचं नाव हिपॅटायटिस ई. आपण त्याला नुसतं "कावीळ" म्हणतो आणि सोडून देतो.

साधी कावीळ, पण कोणासाठी?

इतर धडधाकट माणसाला ही कावीळ झाली तर तो बहुधा काही आठवड्यांत आपोआप बरा होतो. गरोदर बाईचं, त्यातही शेवटच्या तीन महिन्यांत, तसं नसतं. जागतिक आरोग्य संघटनेनुसार या काळात लागण झालेल्या स्त्रियांमध्ये मृत्यूचं प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. म्हणजे चार-पाच जणींतली एक.

हे पहिल्यांदा ठळकपणे दाखवलं ते भारतातच. १९७८ मध्ये काश्मीर खोऱ्यात काविळीची मोठी साथ आली. डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांनी तिचा अभ्यास केला. कावीळ झालेल्या गरोदर स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के जणींचं यकृत निकामी झालं. कावीळ झालेल्या, पण गरोदर नसलेल्या स्त्रियांत असं एकीचंही झालं नाही. पुरुषांत हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आत होतं. पाणी तेच होतं, विषाणूही तोच होता.

बाळाचंही तसंच. विषाणू वार ओलांडतो. दिवस भरण्याआधी प्रसूती होते, बाळ पोटात दगावतं किंवा जन्मतःच कावीळ, अंग थंड पडणं, रक्तातली साखर उतरणं घेऊन येतं. यातून जी बाळं तरतात, ती पुढे बहुधा पूर्ण बरी होतात. म्हणजे वाचवता येण्यासारखं खूप असतं, फक्त वेळेत पोचायला हवं.

महाराष्ट्राला हे नवीन नाही. २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत हिपॅटायटिस ईची मोठी साथ आली आणि माणसं गेली. पंचगंगेच्या प्रदूषणावर तेव्हा खूप चर्चा झाली. साथ ओसरली, चर्चाही ओसरली. इचलकरंजी कळमेश्वरपासून लांब आहे हे खरं, पण जमिनीखालचे नळ आणि गटारं इथेही एकमेकांच्या शेजारूनच जातात.

पाणी घाण कसं होतं

आपल्याकडे चोवीस तास पाणी नसतं. नळ तासभर येतो आणि जातो. पाणी गेलं की पाइप रिकामा होतो आणि आत ओढ तयार होते. तो पाइप नालीतून किंवा नालीशेजारून गेलेला असेल आणि कुठे गंजून फुटलेला असेल, तर नालीतलं पाणी आत शिरतं. त्यात आपण नळाला टुल्लू पंप लावतो. पंप टाकीतलं पाणी ओढतो आणि नालीतलंही ओढतो. मग सकाळी पहिल्या धारेला वास येतो, आपण दोन बादल्या सांडतो आणि तिसरीपासून पिण्याचं भरतो.

आता नगरपरिषदेला आणि ग्रामपंचायतीला विचारायचा प्रश्न. टाकीत टीसीएल पावडर टाकली, एवढ्यावर काम संपत नाही. पावडर जुनी, ओलसर, उघड्या पोत्यातली असेल तर तिच्यातलं क्लोरीन उडून गेलेलं असतं. म्हणून ओटी टेस्ट टाकीजवळ करून उपयोग नाही. ती गावाच्या शेवटच्या नळावर झाली पाहिजे. तिथल्या पाण्याला पिवळी झाक आली, तरच क्लोरीन तिथपर्यंत पोचलं असं म्हणता येईल. तुमच्या वॉर्डाच्या शेवटच्या नळाची ओटी टेस्ट शेवटची कधी झाली? नोंदवही मागा. तो तुमचा हक्क आहे.

साथ आली की एक ठरलेलं उत्तर मिळतं: "पाण्याचा नमुना तपासला, शुद्ध आला." या उत्तरात दोन पळवाटा आहेत. एक, लागण झाल्यापासून कावीळ दिसेपर्यंत दोन ते दहा आठवडे जातात, बहुधा पाच-सहा. आज डोळे पिवळे झालेल्या बाईनं ते घाण पाणी महिन्याभरापूर्वी प्यायलेलं असतं. आजच्या नमुन्यावरून त्या दिवसाचा निकाल कसा देणार? दोन, नेहमीच्या तपासणीत जिवाणू शोधतात, हा विषाणू नव्हे. नमुना शुद्ध आला म्हणजे पाइप निर्दोष सुटला असं होत नाही. नालीच्या कडेनं पांढरी पावडर फेकून फोटो काढल्यानंही पाइपचं भोक बुजत नाही.

कावीळ उतरवणारे

आता आपल्या बाजूचं बोलू. कावीळ झाली की अजूनही माणसं डॉक्टरकडे नंतर आणि उतरवणाऱ्याकडे आधी जातात. तो गळ्यात काड्यांची माळ घालतो आणि ती दिवसेंदिवस लांब होते. गाठीच तशा सैल मारलेल्या असतात, ती काविळीशिवायही लांबते. तो हाताला काही चोळून चुन्याच्या पाण्यात हात बुडवायला लावतो आणि पाणी पिवळं होतं. काही झाडांच्या सालींचा रस चुन्यात गेला की पाणी पिवळं होतंच. तुमच्या निरोगी शेजाऱ्याचे हात धुऊन पाहा.

"पण आमचा माणूस बरा झाला!" हो, झाला. तो बरा होणारच होता. दहा माणसं आपोआप बरी झाल्याचं श्रेय त्या माळेला जातं आणि त्या भरवशावर अकरावी, आठव्या महिन्यातली बाई, तिथेच नेली जाते. तिच्याकडे आठवडे नसतात, कधी कधी दोनच दिवस असतात.

तेच पथ्याचं. हळद बंद, तेल बंद, वरण बंद, आणि रसवंतीवर बर्फ घातलेला उसाचा रस सुरू. हळदीनं कावीळ होत नाही आणि वाढतही नाही. बर्फ कोणत्या पाण्याचा होता, हे मात्र कोणी विचारत नाही. आधीच अशक्त बाईला उपाशी ठेवून आपण यकृताला विश्रांती देत नाही, बाळाचा घास काढून घेतो.

रांगेत ती शेवटी का?

हिपॅटायटिस ईवर लस आहे. चीननं २०११ मध्ये तिला मंजुरी दिली. जिला तिची सगळ्यात जास्त गरज, ती गरोदर स्त्री मात्र चाचण्यांतून बाहेर ठेवली गेली. २०२२ मध्ये दक्षिण सुदानमध्ये साथ रोखण्यासाठी पहिल्यांदा ती गरोदर स्त्रियांनाही दिली गेली. इबोलाच्या लशीचं तेच झालं. काँगोतल्या २०१८ च्या साथीत गरोदर बायकांना आधी वगळलं आणि २०१९ मध्ये सामावून घेतलं. आपल्याकडे कोविडची लस १६ जानेवारी २०२१ ला सुरू झाली आणि गरोदर स्त्रियांना परवानगी मिळाली ती २ जुलैला, दुसरी लाट येऊन गेल्यावर. प्रत्येक वेळी कारण एकच: तिची काळजी. जी काळजी बाईला संरक्षणाच्या रांगेत शेवटी उभी करते, तिला मी काळजी म्हणणार नाही.

घरातही तेच चालतं. शेतावर जाणाऱ्यासाठी थंड पाण्याचा जार येतो, ती नळाचं पिते. (जार थंड असतो, शुद्ध असेलच असं नाही.) तिची लघवी गडद झाली तर "उष्णता आहे", मळमळलं तर "दिवसच तसे आहेत".

तुम्ही काय करायचं

गरोदर बाईचं पिण्याचं पाणी उकळूनच द्या, खळखळून उकळी येऊ द्या आणि त्याच झाकलेल्या भांड्यात गार करा. तुरटीनं गाळ बसतो, विषाणू मरत नाही. उघड्यावरचा बर्फ, पाणीपुरीचं पाणी, उसाचा रस या नऊ महिन्यांत नको. नळाचा पंप काढा.

डोळे पिवळे, लघवी गडद, सतत उलट्या, जेवणावरची वासना गेलेली, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा. गरोदरपणातल्या काविळीला हिपॅटायटिस ईशिवाय इतरही कारणं असतात. रक्तदाबाशी निगडित यकृताचा आजार, हिपॅटायटिस बी, मलेरिया आणि आपल्या विदर्भात सिकलसेल. यातलं कोणतंही घरी बसून बरं करायचं नाही. रक्ततपासणीनंच ते कळतं.

गुंगी, बरळणं, दिवसा झोप आणि रात्री जाग, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, बाळाची हालचाल कमी होणं, यातलं एकही दिसलं तर थेट १०८ ला फोन करा. ग्रामीण रुग्णालयातून नागपूरला मेडिकल, मेयो किंवा डागाला पाठवलं तर "उद्या जाऊ" म्हणू नका. कोणतंही जडीबुटीचं औषध देऊ नका, आजारी यकृताला ते आणखी जड जाऊ शकतं. आणि प्रसूतीनंतर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय अंगावरचं दूध बंद करू नका.

आता माझा प्रश्न. तुमच्या घरी, शेजारी, नात्यात आज कोणी पोटुशी आहे का? तिनं आज सकाळी जे पाणी प्यायलं, ते कोणत्या नळाचं होतं आणि उकळलेलं होतं का?